लघुप्रबंध, जुना लॅपटॉप आणि संपणारी करमणूक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा मराठीतील लघुप्रबंध, सकाळची अर्धवेळ नोकरी आणि सहा-सात वर्षांचा जुना लॅपटॉप एवढे सांभाळताना संगणकाच्या कोणत्या युक्त्या खरोखर वेळ वाचवतात, आणि मधल्या अर्ध्या तासात महाजालावर मन रमवायचे झाल्यास कुठे जावे, की जेथून वेळेवर परत येता येईल. एका विद्यापीठ विभागाचा संगणक कक्ष मी एकोणीस वर्षे सांभाळला आहे, आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री रडकुंडीला आलेले विद्यार्थी प्रत्येक वर्षी पाहिले आहेत. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

संगणकाच्या युक्त्या म्हटले की कळांच्या जोड्यांची यादी पुढे येते. तीही देईन, पण थोडक्यात. कारण कळांमुळे सेकंद वाचतात आणि लघुप्रबंध सेकंदांमुळे कधी रखडत नाही. एकदा केलेले काम दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा करावे लागते, म्हणून तो रखडतो. अनुक्रमणिका हाताने तयार केलेली असते आणि मार्गदर्शक दुसऱ्या प्रकरणात चार पाने वाढवायला सांगतात. किंवा संदर्भसूची शेवटच्या आठवड्यासाठी ठेवलेली असते आणि निम्म्या पुस्तकांची प्रकाशनवर्षे लिहून घेतलेली नसतात. किंवा फाइलच जाते. या तीन ठिकाणी माझ्या विद्यार्थ्यांचे जितके दिवस गेले, तितके दुसऱ्या कशातही गेले नाहीत.

पहिली गोष्ट वर्डमधील स्टाइल्सची. प्रकरणाचे शीर्षक आले की बहुतेक जण ते निवडतात, ठळक करतात, आकार वाढवतात आणि मध्यभागी आणतात. आपल्या डोळ्यांना ते शीर्षक दिसते, परंतु वर्डच्या लेखी तो फक्त एक ठळक परिच्छेद असतो. त्याऐवजी शीर्षकावर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ या कळा एकत्र दाबल्या की त्या ओळीला ‘हेडिंग १’ ही स्टाइल लागते. उपशीर्षकांसाठी याच पद्धतीने २ आणि ३. वर्डऐवजी लिब्रेऑफिस हा विनामूल्य पर्याय वापरत असाल तर ऑल्टची गरज नाही, कंट्रोल आणि आकडा पुरेसा आहे. एवढे केल्यावर अनुक्रमणिका रेफरन्सेस या टॅबमधून एका क्लिकमध्ये तयार होते, आणि पुढे कितीही पाने वाढली तरी कंट्रोल-ए आणि नंतर एफ-९ दाबले की पृष्ठक्रमांक आपोआप सुधारतात. डाव्या बाजूला नॅव्हिगेशनची पट्टी उघडली की सगळा प्रबंध शीर्षकांच्या रूपात दिसतो आणि एखादे उपप्रकरण ओढून दुसऱ्या जागी नेता येते. हे पहिल्या प्रकरणापासून करावे. शंभर पाने झाल्यावर करायला बसलात तर एक अख्खा रविवार जातो.

मराठीत लिहिणाऱ्यांना येथे एक खोच हमखास सापडते. स्टाइलमध्ये अक्षराचा आकार १४ केला तरी देवनागरी मजकूर जसाच्या तसा राहतो आणि फक्त मधले रोमन शब्द मोठे होतात. याचे कारण असे की वर्ड देवनागरीची गणना ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’मध्ये करतो आणि तिच्यासाठी फाँट व आकार यांची स्वतंत्र नोंद ठेवतो. स्टाइल बदलताना फाँटची पूर्ण खिडकी उघडून त्यातील कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत फाँट आणि आकार भरावा लागतो. लिब्रेऑफिसमध्ये हीच सोय सी.टी.एल. या नावाने आहे. ही चौकट माहीत नसल्यामुळे प्रत्येक परिच्छेद हाताने निवडून मोठा करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण हे कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही.

आता टंकनाविषयी. श्री-लिपी, कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये लिहू नका, मग ते झेरॉक्सच्या दुकानातील टंकलेखकाला कितीही सोयीचे असो. त्या पद्धतीत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात; म्हणून दुसऱ्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक अक्षरांची ओळ होऊन उघडतो. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या महाजालावरील भांडारात असलेल्या काही जुन्या मराठी प्रबंधांतून उतारा नकलून घ्यायचा प्रयत्न केलात तर हा अनुभव येईल. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, टंकायचे, हे एकदा ठरल्यावर कळफलक कोणता, हा दुय्यम प्रश्न आहे. टंकलेखनाची परीक्षा दिली असेल तर बोटांत बसलेली रेमिंग्टन मांडणी सोडण्याचे कारण नाही. कोरी पाटी असेल तर इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक शिकावा असे माझे मत आहे: स्वर डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे, आणि ‘क’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ख’, ‘त’च्या कळेवर ‘थ’ अशी त्याची मांडणी आपल्या वर्णमालेच्या तर्काने चालते. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. फोनेटिक कळफलकाने पहिल्या दिवसापासून लिहिता येते हे खरे, पण दीडशे पानांच्या मजकुरात प्रत्येक शब्दाचे रोमन स्पेलिंग मनात जुळवण्याचा शीण जाणवतो.

युनिकोडमध्येही एक सापळा आहे, आणि तो विशेष करून मराठीचा आहे. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. पहिल्या रीतीत नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडतात. इन्स्क्रिप्टमध्ये तो इंग्रजी जे अक्षराच्या कळेवर शिफ्टसह मिळतो. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह येते. युनिकोडने पहिली रीत पुरस्कारली आहे आणि दुसरी जुन्या मजकुरासाठी चालू ठेवली आहे. कागदावर दोन्ही सारखेच छापले जातात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे अर्धा प्रबंध घरी आणि अर्धा मैत्रिणीच्या मोबाइलवर लिहिला असेल, तर शोधताना ‘दुसऱ्या’ हा शब्द काही ठिकाणी सापडतो आणि काही ठिकाणी सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच आहे: ते एका संकेताने लिहिता येते किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. सादर करण्यापूर्वी कंट्रोल-एच उघडून एका रूपाच्या जागी दुसरे रूप घालून घ्यावे. दहा मिनिटांचे काम आहे.

जुन्या ग्रंथांत शोध घेताना याच जातीची आणखी एक अडचण येते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘करितां’, ‘त्यांनीं’ असे अनुस्वार आहेत. म्हणून जुन्या ग्रंथाच्या युनिकोड प्रतीत केवळ ‘करिता’ टंकून काही सापडले नाही, तर तो शब्द ग्रंथात नाही असा निष्कर्ष काढू नका. अनुस्वार देऊन पुन्हा शोधा. स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर काढायचा असेल तर ती फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडावी. मराठी छापील मजकूर त्याला बऱ्यापैकी वाचता येतो, मात्र एका वेळी मोजकीच पाने द्यावीत आणि रफार व अनुस्वार मूळ पानाशी ताडून घ्यावेत.

संदर्भांसाठी झोटेरो वापरा. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये सुरू झालेले हे विनामूल्य साधन ब्राउझरमधून पुस्तकाची किंवा लेखाची नोंद उचलते आणि वर्डमध्ये तळटीप व संदर्भसूची दोन्ही तयार करते. मराठी पुस्तकांच्या बाबतीत त्याचे कौतुक जरा हात राखून करावे लागते, कारण ग्रंथालयांच्या नोंदी पुष्कळदा रोमन लिप्यंतरात असतात आणि त्या हातानेच देवनागरीत कराव्या लागतात. तरीही नोंद एकदाच करायची असते. ग्रंथालयात पुस्तक हातात असतानाच शीर्षकपृष्ठ आणि त्यामागचे पान यांचे छायाचित्र काढण्याची सवय ठेवली, तर आवृत्ती आणि वर्ष शोधण्यासाठी पुन्हा खेप घालावी लागत नाही.

फाइल जाण्याविषयी एक प्रसंग सांगतो. एका विद्यार्थ्याने प्रबंधाच्या तीन प्रती ठेवल्या होत्या: लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि पोर्टेबल हार्ड डिस्कवर. तिन्ही एकाच पिशवीत होत्या आणि ती पिशवी एस.टी.मध्ये राहिली. प्रती किती आहेत यापेक्षा त्या किती ठिकाणी आहेत, हे पाहावे; एक लॅपटॉपवर, एक ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर आणि एक घरी कपाटात असली की पुरते. गूगलच्या खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते, आणि लघुप्रबंधाला त्याचा शतांशही लागत नाही. परंतु आपोआप जुळणाऱ्या फोल्डरला राखीव प्रत समजू नये: लॅपटॉपवर चुकून फाइल पुसली तर ती ढगातूनही, म्हणजे महाजालावरील साठ्यातूनही, पुसली जाते, आणि गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवसच राहते. वर्डची आपोआप जतन करण्याची मुदत मुळात १० मिनिटांची असते, ती ऑप्शन्समध्ये जाऊन २ मिनिटांवर आणा. आपल्याकडच्या वीजपुरवठ्याला तेच योग्य आहे. फाइलींना ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’, ‘अंतिम-खरोखर’ अशी नावे देण्याऐवजी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी तारीख नावाच्या सुरुवातीला लिहावी, म्हणजे त्या फोल्डरमध्ये आपसूक क्रमाने लागतात.

झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल कधीही नेऊ नका, पीडीएफ न्या. त्यांच्या संगणकावर तुमचा फाँट नसला की वर्ड दुसरा फाँट लावतो, ओळी सरकतात, एकशे वीस पानांची एकशे अठ्ठावीस होतात आणि अनुक्रमणिका खोटी ठरते. पीडीएफमध्ये फाँट सहसा फाइलच्या आतच साठवला जातो. पेन ड्राइव्ह तेथे लावलात तर घरी आल्यावर आधी विषाणूतपासणी करा, कारण सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागण्याचा प्रकार बहुधा तेथूनच सुरू होतो. तेथे व्हॉट्सॲप किंवा ईमेल उघडायचेच झाले तर क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून खासगी खिडकीत उघडावे, आणि घरी येताना फोनवरील व्हॉट्सॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी पाहून अनोळखी जोडणी काढून टाकावी.

कळांपैकी मी चारच सुचवीन. विंडोज-व्ही या जोडीने नकललेल्या शेवटच्या २५ गोष्टींची यादी उघडते. पहिल्यांदा ती सोय सुरू करावी लागते, पण अवतरणे गोळा करताना तिच्यासारखी दुसरी नाही. कंट्रोल-शिफ्ट-टी चुकून मिटलेला टॅब परत आणते. विंडोज-शिफ्ट-एस पडद्याचा हवा तेवढा तुकडा टिपते. आणि वर्डमध्ये फाइल उघडल्याबरोबर शिफ्ट-एफ-५ दाबले की काल जेथे काम थांबवले होते तेथे कर्सर जातो. बाकीच्या कळा गरज पडेल तशा कळत जातात.

लॅपटॉपबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्यात जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एस.एस.डी., म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा, नव्या लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा भाग खर्चून एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून सुरुवातीलाच चालू होणारे नको ते प्रोग्राम बंद करा. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे विनामूल्य सुरक्षा-अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहे, आणि तुमचे यंत्र विंडोज ११ स्वीकारत नसेल तर लिनक्स मिंट ही विनामूल्य कार्यप्रणाली त्यावर चांगली चालेल. मात्र हा बदल प्रबंध सादर केल्यानंतर करावा, आधी मुळीच नाही.

आता करमणुकीकडे येतो. इन्स्टाग्राम काढून टाकावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझी कसोटी साधी आहे: जी करमणूक स्वतःहून संपते ती कामाच्या मधल्या वेळेत चालते, आणि जिचा शेवट आपल्याला करावा लागतो ती चालत नाही. पूर्वी पान संपले की ‘पुढचे पान’ असे बटण असे आणि ते दाबताना क्षणभर विचार होई. न संपणाऱ्या सरकत्या पानाची कल्पना २००६ मध्ये एझा रॅस्किन या रचनाकाराने मांडली, आणि तिच्या परिणामांबद्दल त्यांनी स्वतःच पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला. तेव्हा रील्स रविवारसाठी ठेवाव्यात. काढूनच टाका असे मी म्हणणार नाही, कारण काढलेले ॲप तीन दिवसांत परत येते असा माझा अनुभव आहे.

आपोआप संपणाऱ्या गोष्टी महाजालावर पुष्कळ आहेत. वर्डल या इंग्रजी शब्दखेळात दिवसाला एकच शब्द आणि सहाच प्रयत्न मिळतात. तो २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि काही महिन्यांतच जगभर पसरला, त्याचे श्रेय मी या मर्यादेलाच देतो. नासाच्या संकेतस्थळावर १६ जून १९९५ पासून रोज एक खगोलीय चित्र आणि त्याखाली जाणकाराचा छोटा परिच्छेद प्रसिद्ध होतो. तो वाचून झाला की त्या दिवशी तेथे नवे काही नसते. बुद्धिबळाची आवड असेल तर लीचेस हे पूर्ण विनामूल्य आणि जाहिरातविरहित संकेतस्थळ आहे, पण त्यावर तीन मिनिटांचे डाव खेळू नका. हरलेला माणूस ‘आणखी एकच’ म्हणतो आणि जिंकलेलाही तेच म्हणतो. दिवसाचे एक कोडे सोडवावे, किंवा दहा मिनिटांचा एकच डाव खेळून उठावे.

थोडे उपयोगी पडल्याचे समाधान हवे असेल तर झूनिव्हर्स पाहा. तेथे सामान्य माणसे आकाशगंगांची, वन्यप्राण्यांची किंवा जुन्या हस्तलिखितांची छायाचित्रे पाहून संशोधकांसाठी वर्गवारी करतात. त्याची सुरुवात २००७ मधील गॅलक्सी झू या प्रकल्पातून झाली, आणि त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या नेदरलँड्समधील शाळाशिक्षिकेला एका आकाशगंगेच्या शेजारी एक अनोळखी चमकता वायुपुंज दिसला. तो आता तिच्याच नावाने ओळखला जातो. दहा छायाचित्रे पाहायची असे ठरवून बसावे.

मराठीच्या विद्यार्थिनीला मात्र मी सर्वांत आधी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहाकडे पाठवीन. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती तेथे शोधता येण्याजोग्या रूपात आहे, शिवाय दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही आहे. मोल्सवर्थमध्ये उलटा शोध घेण्यात खरी गंमत आहे. अर्थाच्या बाजूने पावसाचा इंग्रजी शब्द टाकला की झड, रिपरिप, भुरभुर असे शब्द एकामागून एक येऊ लागतात, आणि त्यांच्यासोबत असे कित्येक, जे आपल्या आजीने वापरले असतील आणि आपण विसरलो आहोत. अर्थ देताना मोल्सवर्थ अधूनमधून इतका रंगात येतो की नोंद वाचताना हसू आवरत नाही. ही करमणूक आपणहून संपत नाही, हे मान्य करतो. म्हणून माझा नियम असा, की एका बैठकीत एकच इंग्रजी शब्द शोधायचा आणि मिळालेल्यांपैकी एक मराठी शब्द वहीत उतरवून घ्यायचा. माझ्या वहीत असे चारशेच्या वर शब्द जमले आहेत.

इन्स्क्रिप्टचा सराव आणि विरंगुळा एकाच वेळी हवा असेल तर मराठी विकिस्रोत आहे. स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या, म्हणजे भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटलेल्या, पुस्तकांची स्कॅन केलेली पाने तेथे एका बाजूला दिसतात आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला चुकांचा मजकूर असतो. तो आपण मूळ पानाशी ताडून दुरुस्त करायचा. वर सांगितलेले अनुस्वार आणि अर्धा र यांची तेथे चांगलीच ओळख होते. एका पानाला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि दुरुस्ती जतन केली की पानाची खूण लाल रंगातून पिवळी होते. ती हिरवी करायची तर दुसऱ्या कोणीतरी तेच पान पुन्हा तपासावे लागते, आपले आपल्याला ते करता येत नाही. म्हणून पिवळा रंग दिसला की खुशाल उठावे आणि प्रबंधाची फाइल उघडावी.